लाल खुणेची पुडी

आमच्या सुरतेत कुणी डोळ्याला काच लावली की समोरचा माणूस सावध होतो. कौतुक करायला कुणी काच लावत नाही. ती डाग शोधायला लावतात आणि डाग सापडला की भाव पाडतात. मी सव्वीस वर्षं हेच काम करते आहे. मिनी बाजारात एका हिऱ्याच्या ऑफिसात उत्तरेच्या खिडकीशी बसायचं, पांढऱ्या कागदावर कणीएवढे हिरे पसरायचे, एकेक चिमट्याने उचलून दहापट दाखवणाऱ्या काचेखाली धरायचा आणि ठरवायचं : हा वरचा, हा खालचा, हा परत. लाभुबेन काकडिया माझं नाव. ऑफिसात मला शेवटचं टेबल दिलेलं होतं. म्हणजे माझ्या हाताखालून पास झालेली हिऱ्यांची पुडी पुन्हा कुणी उघडून बघत नसे.

आमचे हे दातांचे डॉक्टर. डॉ. रवजीभाई काकडिया. कापोद्र्याला घराखालीच दवाखाना आहे, तीस वर्षांचा. आणि एवढ्या वर्षांत त्यांनी काच लावली ती फक्त अर्धा दिवस.

तो अर्धा दिवस जिनलमुळे आला. आमची मुलगी जिनल दातांचीच डॉक्टर, बडोद्याला असते. तिच्याकडे सगळे चष्म्यावर बसवलेली भिंगं लावूनच काम करतात. तिने पप्पांच्या पंचावन्नाव्या वाढदिवसाला तसली जोडी पाठवली. मधोमध छोटा दिवा, दोन आखूड नळकांडी, डोक्याला पट्टा. सकाळी हे मोठ्या हौसेने ती लावून खाली गेले. पहिलाच पेशंट घंटीवर, म्हणजे फिरत्या चाकावर, हिरे घासणारा, गालात मावा. त्याने आ करता करता वर बघितलं आणि खुर्चीतून उठलाच.

"काय झालं रे?" यांनी विचारलं.

"डॉक्टर, तुम्हीपण काच लावायला लागलात? मग माझे बत्तीसच्या बत्तीस परत येणार. एक दुखतोय तेवढाच बघा की, नुसत्या डोळ्यांनी!"

दुपारपर्यंत तिघे असे उठून गेले. जेवायला वर आले तेव्हा भिंगं खोक्यात गेलेली होती, आणि ते खोकं टीव्हीखालच्या कप्प्यात गेलं. जिनलचा फोन आला की ती विचारायची, "पप्पा, लावता ना?"

"घोड्याची झापडं ती. ज्याच्या बोटांना कळत नाही त्याने लावावीत."

"केसाएवढं भोक बोटांना कसं कळेल, पप्पा?"

"तीस वर्षं कळतंय."

हिरेवाले पेशंट घाबरतात हे खरंच होतं, पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण म्हणजे बापूजी, माझे सासरे. ते घंटीवर हिरे घासायचे. दिवसभराचं काम शेठचा माणूस काचेखाली बघायचा आणि पसंत पडलं नाही तर पुडीच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने फुली मारून परत द्यायचा. पुन्हा घासा. त्या दिवसाची मजुरी गेली. लाल फुलीची पुडी आली की घरात त्या संध्याकाळी कुणी कुणाशी बोलत नसे. लग्नानंतर नव्या नव्या दिवसांत हे एकदाच म्हणाले होते, "काच लावणाऱ्याने माझ्या बापाला कधी चांगलं म्हटलं नाही." मी तेव्हा नुकतीच ऑफिसात लागले होते, काच माझ्या पर्समध्येच होती.

यंदाच्या उत्तराणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंगांच्या गोंधळात मी शेंगदाण्याची चिक्की खाल्ली आणि उजवीकडची वरची दाढ फुटली. दुसऱ्या दिवशी दोन पेशंटच्या मध्ये यांनी मला खुर्चीत घेतलं. चार बैठकांत रूट कॅनाल झालं, वर टोपी बसली. केसपेपर काढला नाही. घरच्या माणसाचा कोण काढतो? दवाखान्यातल्या मदतनीस बाईचं जेवण उरकायच्या आत माझी दाढ उरकायची, असंच चाललं होतं.

महिनाभराने बाजरीचा रोटला चावताना आत काहीतरी जागं झालं. मोठं नाही, बारीकसं. पण ते पुन्हा झोपलं नाही.

यांनी फोटो काढला. "फोटोत काही नाही."

पंधरा दिवसांनी पुन्हा काढला. "काही नाही, लाभु. तीन मुळं, तिन्ही भरलेली. दुखायला आत शिल्लक काय आहे?"

"मला काय माहीत? दुखतंय एवढं खरं."

"नसच नाही तर दुखेल कसं?"

हिऱ्याबद्दल कुणी मला सांगितलं असतं की यात डाग नाहीच, तर मी म्हटलं असतं, इकडे आणा. दाढ माझ्या तोंडात होती, ती मला दिसत नव्हती आणि ज्यांना दिसायला हवी होती ते डॉक्टर होते. मी डाव्या बाजूने चावायला शिकले. रोटल्याऐवजी खिचडी-कढी खायला लागले. जिनल म्हणाली, "मम्मी, तू इकडे ये, मी बघते." त्यावर हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "जा की. डॉक्टरची बायको दात दाखवायला बडोद्याला गेली, हे समाजात सगळ्यांना कळू दे." मी गेले नाही. मग त्यांनी फोन हातात घेऊन जिनलला सांगितलं, "तुझ्या आईची दाढ ठणठणीत आहे. या वयात बायकांचं मन दुखायला लागतं." मी तिथेच भाजी निवडत बसले होते. हे वाक्य मी नीट ऐकलं. वांगी होती, भरतासाठी.

मग त्यांच्या ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरकडे मला नेलं. त्यांनी झोप कशी येते, रडू येतं का, घरात काही टेन्शन आहे का, असं सगळं विचारलं आणि पांढऱ्या बारक्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ. दाढ उघडून बघितली नाही. बघायचं कारणही नव्हतं म्हणा, ते मनाचे डॉक्टर होते.

गोळ्यांनी दुखणं गेलं नाही. ते होतं तिथेच राहिलं, पण मला त्याचं काही वाटेनासं झालं. कशाचंच काही वाटेनासं झालं. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी मी तशीच वाढत होते आणि हेही तशीच खात होते. जिनलने रडत फोन केला, तिचं तिच्या सासूशी काहीतरी झालं होतं, आणि मी "हो का, बरं" असं म्हणत राहिले. शेवटी तीच म्हणाली, "मम्मी, तू ऐकते आहेस ना?" मी म्हटलं, ऐकते आहे. ऐकतच होते.

श्रावणात माझ्या टेबलावरून एक पुडी पास होऊन गेली आणि घेणाऱ्याकडून परत आली. आत एक काळ्या डागाचा हिरा होता. लहान नव्हता डाग, शिकाऊ पोरीलाही दिसला असता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. आमचे परसोतमभाई, ऑफिसातले सगळ्यात जुने, पांढऱ्या सफारीतले, ते माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "लाभुबेन, खिडकीशी ऊन फार येतं हो. जरा आतल्या टेबलावर बसा थोडे दिवस."

उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही. म्हणून तर सगळे हिरेवाले उत्तरेची खिडकी घेतात. त्यांनाही ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी माझा चिमटा आणि काच उचलली आणि आत जाऊन बसले. आतल्या टेबलावर भुरका, चुरा, असला हलका माल येतो. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघितली, पण वाटलं नाही.

श्रावण सरल्यावर भादरव्यात एका रविवारी मी यांना म्हटलं, "ती दाढ काढून टाका."

"काय? वेडी आहेस का? चांगली दाढ आहे."

"काढा."

"लाभु, चांगली दाढ काढणं म्हणजे पाप आहे. मी कुणाची काढत नाही."

"मग एवढं पाप करा."

मला वाटतं, मी रागावले असते तर त्यांनी काढली नसती. मी भाजीवाल्याकडे पाव किलो भेंडी मागावी तशी मागितली, म्हणून ते उठले. इंजेक्शन दिलं, गाल बधिर झाला. मला त्यात काही नवीन वाटलं नाही. त्यांचा हात चांगला आहे, हे कबूल करायलाच हवं. तीन मुळांची दाढ एक मूळही न मोडता टोपीसकट बाहेर काढली.

"द्या ती मला," मी कापूस चावत म्हटलं.

"कशाला?"

"माझी आहे."

त्यांनी धुऊन कापसात गुंडाळून दिली.

चौथ्या दिवशी दुखणं थांबलं. पाचव्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या, कुणाला विचारलं नाही. आठव्या दिवशी रोटला त्या बाजूने चावला, काही झालं नाही. हे जेवता जेवता बघत होते. म्हणाले, "बघ! काढली, तुझ्या मनाचं समाधान झालं. मी म्हणत होतो तेच."

मी ताकाचा पेला तोंडाला लावला. या वाक्यावर कुणीही बाई ताट भिरकावेल, असं मला अगदी स्वच्छ कळत होतं. पण ताट उचलायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. मी ताक प्यायले, भांडी घासली आणि कपाटातून ती दाढ काढून पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळे गाठिया आणायला खाली गेले तेव्हा मी माझ्या जुन्या टेबलाशी गेले. दिवा लावला, पांढरा कागद पसरला, चिमट्यात दाढ धरली आणि काच डोळ्याला लावली.

सवयीने आधी दाढ सगळीकडून फिरवली. घाईने एका जागी थांबायचं नसतं. एक मूळ, टोकाला बारीक भोक, त्यात गुलाबी भरण. दुसरं मूळ, तसंच. तिसरं, पुढचं, जरा चपटं. त्याच्या टोकाला भोकं दोन होती. एकात गुलाबी. दुसरं काळं, रिकामं. त्याच्या कडेला पिवळट काहीतरी वाळलेलं होतं.

मी काच खाली ठेवली. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पुन्हा लावली. होतं.

"काय मोठा माल आणलात, बेन?" परसोतमभाई गाठियाची पुडी घेऊन माझ्या पाठीशी उभे होते.

मी त्यांच्याकडे चिमटा दिला. त्यांनी विचार न करता काच लावली, मग चमकले. "अरे, हा तर दात!"

"बघा की. मालच समजा."

माल समजा म्हटल्यावर परसोतमभाई कधी मागे हटत नाहीत. त्यांनी चांगला मिनिटभर फिरवला. "तीन ठिकाणी भरलंय. इथे एक भोक भरायचं राहिलंय. सडलंय आत." त्यांनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. "बिचारा ज्याचा असेल तो. कारागीर नुसत्या डोळ्यांनी काम करतो वाटतं. कोण आहे हा कारागीर?"

"घरचाच," मी म्हटलं.

त्यांनी काच डोळ्यावरून काढली. मग माझ्या गालाकडे बघितलं, सहा महिने मी ज्या बाजूने चावत नव्हते त्या. आमच्या धंद्यात मालाला तोंडावर वाईट म्हणत नाहीत. पसंत नसेल तर पुडी होती त्याच घड्यांत बंद करतात आणि एका बोटाने पुढे सरकवतात. परसोतमभाईंनी गल्ल्यातून हिऱ्याचा एक कोरा कागद काढला, दाढ आत ठेवली, पाच घड्या घातल्या आणि पुडी एका बोटाने माझ्याकडे सरकवली. जाता जाता म्हणाले, "त्या गोळ्या घेता का अजून?"

"सोडल्या."

"मग सोमवारपासून इथेच बसा. आत अंधार असतो."

ते गेल्यावर माझा हात टेबलावरच्या पेन्सिलीकडे गेला. पुडी बंद झाली, आत दोष आहे, पुढे काय करायचं ते सव्वीस वर्षं हातालाच ठाऊक आहे. कोपऱ्यात लाल फुली. मारल्यावर मी तिच्याकडे बघत बसले. खोडायला रबर होतं. मी खोडली नाही. सवयीने मारली, पण ठेवली मुद्दाम, हे मी आज सांगते आहे.

रविवारी सकाळी चहाबरोबर मी ती पुडी यांच्या बशीशेजारी ठेवली आणि तिच्याशेजारी माझी काच.

त्यांचं लक्ष आधी फुलीकडेच गेलं. कपाची कडा ओठाशी होती, ती तिथेच थांबली. "घरी माल आणलास? हे चालतं तुमच्याकडे?"

"उघडा."

त्यांनी उघडली. दाढ बघून हसण्याचा प्रयत्न केला. "ही अजून सांभाळून ठेवली आहेस?"

"पुढच्या मुळाचं टोक बघा."

त्यांनी काच उचलली आणि पत्र वाचायला धरावी तशी लांब हातभर धरली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हिरे घासणाऱ्याचा मुलगा, हिरे पारखणारीचा नवरा, आणि काच कशी धरतात ते माहीत नाही. एरवी मला त्यांची दया आली असती. "तशी नाही," मी म्हटलं. "काच डोळ्याला चिकटवा. मग वस्तू काचेकडे आणा. कोपर टेबलावर टेकवा, हात हलतोय."

दोन्ही कोपरं टेकवून त्यांनी बघितलं. बराच वेळ. खाली रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती ती ऐकू येत होती.

"पुढच्या मुळात कधी कधी दोन वाटा असतात," ते शेवटी म्हणाले, काच न काढता. "मला माहीत नाही असं नाही. मी शोधली होती तेव्हा."

"हो."

"दिसली नव्हती."

"हो."

"कुणाचीही सुटते. मोठमोठ्यांची सुटते." मग ते जरा चिडले. "दहापट करून बघितलं तर कुणाच्या कामात खोट निघणार नाही? सांग ना! तू रोज हेच करतेस. लोकांच्या जन्माच्या कष्टात बारीक डाग शोधायचे आणि फुली मारायची."

"हो, तेच करते."

"ही फुली..." त्यांनी पुडीच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. "ही कशाला मारलीस, लाभु? तुला माहीत होतं."

"माहीत होतं."

"मग?"

"बापूजींच्या पुडीवर फुली असायची तेव्हा हिऱ्याला दुखत नव्हतं," मी म्हटलं. "मला दुखत होतं. सहा महिने. आणि तुम्ही जिनलला सांगितलं, आईचं मन दुखतंय."

एवढं बोलायला मला काहीच कष्ट पडले नाहीत, आवाजही चढला नाही. माझी मलाच जरा भीती वाटली. ते उठून खिडकीशी गेले. शर्टाच्या पाठीला चहा पिताना येतो तसा घाम आलेला होता. मी त्यांचा निवलेला चहा ओतून दुसरा ठेवला. तो उकळून वर आला तरी ते तिथेच.

"किती जण असतील?" त्यांनी विचारलं. मला नाही, खिडकीला. मग दुखतंय म्हणून परत आलेले पेशंट मोजायला लागले. "तो लसकाणाचा मास्तर. ती बँकेतली बाई, दुसरीकडे जाते म्हणाली ती. कडवीबा..." इथे ते थांबले. "कडवीबाला मी म्हटलं होतं, देवाचं नाव घ्या बा, दुखणं जाईल."

त्यांनी टीव्हीखालचा कप्पा उघडला आणि ते खोकं काढलं. धूळ शर्टाला पुसली. पट्टा डोक्याला बसवता येईना म्हणून माझ्यासमोर मान वाकवली. मी मागचं बक्कल लावून दिलं. तेवढंच.

त्यानंतरच्या सोमवारी दवाखान्यात पुन्हा तोच प्रकार झाला, हे मला खालच्या बाईने सांगितलं. एक घंटीवाला भिंगं बघून उठायला लागला. यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बस रे. काच तुझ्या दातांना नाही लावली. माझ्या कामाला लावली आहे. फुली पडली तर माझ्या पुडीवर पडेल." घंटीवाल्याला किती कळलं कोण जाणे, पण तो बसला. दुसरे दोघे मात्र गेले ते गेलेच.

रविवारी त्यांनी जुन्या लोकांना बोलवायचं ठरवलं, एका वेळी एक. रविवारी बाई सुट्टीवर असते, म्हणून थुंकी ओढायची नळी धरायला मी खाली उतरले. पहिली कडवीबा आली. पंचाहत्तरची असेल, अमरेलीकडची, काळी ओढणी, हातात जपमाळ. सोबत कुणी नव्हतं.

"पुन्हा कशाला बोलावलं रे भाई?" ती खुर्चीत बसता बसता म्हणाली. "देवाचं नाव घेते आहे रोज. तू सांगितलंस तेवढं."

"दुखायचं थांबलं का, बा?"

"नाही हो. पण आता कुणाला सांगत नाही. सांगितलं की सून हसते."

त्यांनी नवा केसपेपर काढला, नाव लिहिलं, कधीपासून दुखतं, गरम लागलं की दुखतं का गार, चावताना का आपोआप, सगळं विचारून लिहिलं. मला त्यातला एकही प्रश्न विचारला नव्हता, हे मी नळी हातात धरून मोजत होते. मग इंजेक्शन, मग जुनी टोपी काढली, मग भिंगांवरचा दिवा लावून तिच्या तोंडात वाकले. अर्धा तास मान वर नाही. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग हातातली बारीक सुई एका जागी थांबली आणि आत गेली. त्यांनी डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"चूळ भर, बा."

कडवीबाने चूळ भरली, पदराने ओठ पुसले. अर्धा ओठ बधिर होता, बोलणं तिरकं येत होतं. "होतं का रे काही?"

"होतं. एक वाट भरायची राहून गेली होती. माझ्याकडून."

"म्हणजे खरंच दुखत होतं?"

"खरंच दुखत होतं, बा."

"मग हे तू माझ्या सुनेला सांग. दोन वर्षं झाली, ती सगळ्यांना सांगते, बा नाटक करते. मलाही वाटायला लागलं होतं की करते की काय मी नाटक!" ती हसली, मग माझ्याकडे बघून तिचं हसू थांबलं. "आणि हिला काय झालं रे?"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. गालाला हात लावला तर ओला होता, हनुवटीपर्यंत. कधीपासून ते मला कळलं नव्हतं.

"रडतेस कशाला, दीकरी?" कडवीबा म्हणाली. "तुझीपण दाढ आहे का, पोरी?"

यांनी भिंगं कपाळावर सरकवली. त्यांचे डोळे उघडे पडले, लाल, पट्ट्याचा वळ उठलेला.

"होती, बा," ते म्हणाले. "सहा महिने दुखत होती. मी बघितलीच नाही."

कडवीबाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग डोकं मागे टेकवलं आणि पुन्हा तोंड उघडलं. यांनी भिंगं खाली ओढली. मी गाल खांद्याला पुसला आणि नळी तिच्या जिभेखाली धरली.